घोडीचें बाळंतपण

आपण आज ‘किशोर’ हा शब्द मुलांस लावतों. पाठ्यपुस्तक मंडळानें १९७१ सालीं मुलांकरितां जें मासिक काढलें त्याचें नांवही तेंच आहे. परंतु अमरकोशांत हा शब्द घोड्यांच्या नांवांमध्यें येतो. तेथें किशोर म्हणजे घोडीचें पोर, आपल्या मराठींतलें शिंगरूं. संस्कृत शिकविण्यांत आमचीं तीस-बत्तीस वर्षें गेलीं. वडवा म्हणजे घोडी आणि किशोर म्हणजे शिंगरूं हें आम्हीं शेंकडों मुलांकडून घोकून घेतलें असेल. तथापि वडवेच्या पोटचा किशोर भूमीवर येतांना पाहण्याचा योग आम्हांस आयुष्यांत दोनच वेळां आला. एकदां वयाच्या दहाव्या वर्षीं आणि दुसऱ्यांदा गेल्या माघांत.

माघांतल्या एका सायंकाळीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा दूरध्वनि आला. इंदापूरकडे भीमेच्या कांठीं त्याची थोडी बागाईत जमीन आहे आणि दारांत मैना नांवाची एक घोडी आहे. अंग तांबूस, आयाळ आणि शेपूट काळी. या रंगाला घोडेवाले कुमाईत म्हणतात. जात भीमथडी. थडी म्हणजे कांठ. भीमेच्या आणि नीरेच्या कांठचीं हीं ठेंगणीं, चिवट, खडकाळ वाटेनेंही न अडखळतां चालणारीं घोडीं मराठ्यांच्या फौजांतून नांवाजलेलीं होतीं. आज तीं बहुधा मेंढ्यांच्या कळपामागून धनगरांचा संसार पाठीवर घेऊन जातांना दिसतात.

“गुरुजी, मैनेचे दिवस भरत आले. या खेपेस तुम्ही येऊन राहा,” तो म्हणाला.

आमचें घोड्यांविषयींचें ज्ञान पुस्तकी आहे हें तो जाणून होता. तरी बोलावण्याचें कारण असें कीं दोन वर्षांपूर्वीं मैना प्रथम व्याली तेव्हां शिंगरूं मेलेलें निघालें. त्या रात्रीं तो ठाणाशीं एकटाच होता आणि काय करावें हें त्याला सुचलें नाहीं. वेळीं हात लावला असता तर कदाचित् तें वांचलें असतें, असें दुसऱ्या दिवशीं पशुवैद्य बाई म्हणाल्या. तेव्हांपासून ती गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली होती. या खेपेस रात्रभर जागणारें आणि घड्याळ पाहून वेळा टिपून ठेवणारें एक माणूस त्याला जवळ हवें होतें. निवृत्त शिक्षकास झोंप कमी आणि टिपणाची संवय जास्त. आमच्या घरच्या मंडळींनीं, “सुनेच्या बाळंतपणाला नाहीं कधीं जागलांत तें!” असा अहेर केला. तो मुकाट्यानें स्वीकारून आम्ही निघालों.

घोडीचें गरोदरपण अकरा महिन्यांचें. सरासरी तीनशें चाळीस दिवस धरतात. परंतु तीनशें वीसपासून तीनशें साठपर्यंत ती केव्हांही व्यावी, त्यांत वावगें कांहीं नाहीं. गाईचा हिशेब जितका नेमका उतरतो तितका घोडीचा उतरत नाहीं. मैनेची पहिली तपासणी पशुवैद्य बाईंनीं पंधराव्या दिवसाच्या सुमारास ध्वनिलहरींच्या यंत्रानें केली होती. त्यांत मुख्यतः पोटीं एकच गर्भ आहे ना हें पाहावयाचें असतें. घोडीला जुळीं मानवत नाहींत. तिच्या गर्भाशयांत दोघांचें पोषण होण्याइतकी जागा नसते, आणि बहुधा दोन्ही गर्भ अपुऱ्या दिवसांत पडतात. म्हणून आरंभींच दोन दिसले तर त्यांतला एक नाहींसा करतात. ऐकावयास हें कठोर वाटतें. पण तसें न केल्यास दोन्हीही जाण्याचा संभव अधिक, आणि कधीं कधीं घोडीही.

खाण्याच्या बाबतींत आपल्या घरांतून जी रीत दिसते ती येथें उपयोगाची नाहीं. सून दोन जिवांची आहे असें कळल्या दिवसापासून तिच्या ताटांत दुप्पट वाढण्याचा आग्रह होतो. घोडीचा गर्भ पहिले सात-आठ महिने हळू वाढतो आणि त्याची बहुतेक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. तेव्हां आधीं चंदी वाढविली तर ती आईच्या अंगावर चरबी होऊन बसते. आमच्या विद्यार्थ्यानें आठव्या महिन्यापर्यंत मैनेला चांगलें वाळलें गवत, थोडा कडबा आणि मिठाचा खडा एवढ्यावर ठेवलें होतें. पुढें लसूणघास आणि दाणा हळूहळू चढवीत नेला, तोही दिवसांतून तीन वेळां थोडा थोडा, कारण घोड्याचें पोट लहान असतें आणि एकदम भरलेला दाणा त्याला पोटशूळ आणतो. बुरसटलेली वैरण त्यानें दाराशींही येऊं दिली नाहीं. हाडें-बरगड्या दिसूं नयेत, पण हात फिरवितां बोटांस लागाव्यात, अशी त्याची कसोटी होती.

भाकरी करपते, पान सडतें आणि घोडा अडतो तो न फिरविल्यामुळें, हें कोडें आपल्याकडे पोराबाळांस ठाऊक असतें. गाभण घोडीसही तें लागू आहे. मैना शेवटच्या आठवड्यापर्यंत रोज सकाळीं मळ्याच्या बांधानें मोकळी हिंडत होती. पाठीवर ओझें मात्र कित्येक आठवडे नव्हतें. धनुर्वाताची लस व्यावयाच्या महिना-दीड महिना अगोदर टोंचली होती. पाळीव जनावरांत घोड्याइतका धनुर्वाताला लौकर बळी पडणारा प्राणी दुसरा नाहीं. आणि आईला ती लस त्याच वेळीं देण्यांत आणखी एक हेतु असतो, तो पुढें येईल.

व्यावयाच्या जागेविषयीं कौटिल्याची आठवण होते. अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत प्रत्येक घोड्याचें ठाण घोड्याच्या लांबीइतकें चौरस असावें असें सांगून वडवा, वळू आणि किशोर यांच्या जागा एकांतांत, निराळ्या असाव्या असें म्हटलें आहे. आजचे पशुवैद्य त्यांत भर घालतात ती अशी कीं व्यावयाचें ठाण बारा-चौदा फूट चौरस हवें, खालीं भुसा न टाकतां स्वच्छ कोरडा पेंढा अंथरावा (भुसा ओल्या शिंगराच्या नाकपुड्यांत जातो), आणि घोडीला तेथें तीन-चार आठवडे अगोदर आणून बांधावें. जागेची ओळख व्हावी एवढाच त्याचा अर्थ असावा, असें आम्हांस वाटलें होतें. बाईंनीं समजावून सांगितलें तें असें: प्रत्येक जागेचे रोगजंतु निराळे असतात. घोडी तेथें कांहीं आठवडे राहिली म्हणजे तिच्या रक्तांत त्या जंतूंशीं झुंजणारीं द्रव्यें तयार होतात आणि अखेरच्या दिवसांत तीं तिच्या कासेंत, चिकांत उतरतात. लस त्या वेळीं टोंचण्याचेंही मर्म हेंच.

या पशुवैद्य बाई तालुक्याच्या गांवीं राहतात. वय तिशीच्या आंतबाहेर. घोड्यांच्या वैद्यास जुन्या मराठींत सलोत्री म्हणत, तो शब्द शालिहोत्र ऋषींच्या नांवावरून आला, हें आम्हीं त्यांना सांगितलें तेव्हां त्यांना मोठी गंमत वाटली. पुढें जयदत्तानें ‘अश्ववैद्यक’ लिहिलें. पांडवांतील नकुलाच्या नांवावरही एक ग्रंथ आहे. ज्यांना आपण देवांचे वैद्य म्हणतों ते अश्विनीकुमार, त्यांच्या आईनें वडवेचें रूप घेतलें असतांच जन्मले, अशी पुराणकथा आहे. देवांना घोडीच्या पोटचे वैद्य मिळाले. घोडीला मात्र आडगांवीं मध्यरात्रीं वैद्य मिळणें कठीणच. बाईंना तेथें पोहोंचावयास दीड तास लागतो. तो दीड तासच आमच्या विद्यार्थ्याच्या काळजीचें मूळ होता.

आम्ही पोहोंचलों तेव्हां मैनेची कास भरत आली होती. व्यावयाच्या महिनाभर आधींपासून कास वाढूं लागते. शेवटच्या चार-सहा दिवसांत सड भरून येतात. आणि मग एखाद्या सकाळीं सडांच्या टोंकांवर मेणासारखे पिवळट थेंब वाळलेले दिसतात. हें मेण दिसलें म्हणजे एक ते चार दिवसांत व्यावयाची असें सामान्यतः धरतात. शेपटीच्या मुळाशेजारचे स्नायु लोण्यासारखे ढिले पडतात. परंतु यांतलें एकही लक्षण शपथेवर घेण्याजोगें नाहीं. कांहीं घोड्या मेण न दाखवितां वितात, कांहीं आठवडाभर मेण मिरवितात. बाईंनीं दुधाचे चार थेंब घेऊन त्यांतला चुना मोजण्याच्या कागदी पट्ट्या दिल्या होत्या. चुना एकदम चढला म्हणजे वेळ जवळ आली. आम्हीं वहींत रोज संध्याकाळीं ती नोंद केली. सहा दिवस पट्टीचा रंग जेथल्या तेथें होता आणि आम्ही पेंढ्याच्या गंजीशेजारीं खाटेवर सहा रात्री जागलों.

घोड्या बहुधा रात्रींच वितात. दहांतल्या आठ तरी रात्रींच्या असतात, आणि आरंभींच्या कळा सुरू असतां कोणी अनोळखी आलें, गडबड झाली, तर ती घोडी कळा थोपवून धरूं शकते. रानांतल्या काळोखांत लांडग्याच्या डोळ्याआड पोर जन्मावें आणि उजाडेपर्यंत तें धांवतें व्हावें, अशी ही व्यवस्था आहे. आपल्या निबंधग्रंथांत श्रावणांत दिवसाढवळ्या घोडी व्याली तर तें धन्याला अशुभ मानून शांति सांगितली आहे. त्याचें बीज यांतच असावें असें आम्हांस वाटतें. जें क्वचित् घडतें तेंच माणसाला उत्पात वाटतें. विद्यार्थ्याच्या मातोश्री, ज्यांना आम्ही आक्का म्हणतों, त्यांनीं एका रात्रीं हळूच विचारलें, “गुर्जी, माघांत चालतंय न्हवं?” आम्हीं सांगितलें, माघांतला बुधवार म्हशीचा, घोडीचा नव्हे. त्यांचें समाधान झालेलें दिसलें.

त्या जागरणांत आम्हांस १९७० सालच्या सुमाराची दुसरी एक घोडी वारंवार आठवत होती, आणि ती गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

आमचे आजोबा वैद्यकी करीत आणि पंचक्रोशींत घोडीवरून जात. आम्ही दहा वर्षांचे असतां ती घोडी व्याली. शिंगरूं धड, सुरेख, कपाळावर पांढरा टिळा असलेलें. घरांतलीं आम्ही सात-आठ मुलें गोठ्याच्या दारांत दाटी करून उभीं. घरांत आजोबांचा शब्द अखेरचा असे. घोडीचा पहिला चीक जड, उष्ण, शिंगराला बाधणारा, असा त्यांचा ठाम समज होता. त्यांनीं गड्याकडून तो पिळून काढविला आणि शिंगराला गूळ घालून गाईचें दूध पाजविलें. चिकाचें पितळी भांडें उकिरड्यावर रिकामें करण्याचें काम आमच्याकडे आलें. चीक इतका दाट होता कीं भांडें दोन वेळां विसळावें लागलें, हें आजही आठवतें. घरांत आमच्या एक विधवा आत्या असत. त्या ओसरीवरून एवढेंच म्हणाल्या, “गाईच्या वासराला चीक पाजतों, मग हिच्याच पोराला कां नाहीं?” त्यांना कोणीं उत्तर दिलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं शिंगरूं बसूं लागलें, त्याचे गुडघे सुजले, पांचव्या दिवशीं तें गेलें. दृष्ट लागली असें ठरलें. आमच्या घरांत जन्मलेल्या मुलांनाही त्या काळीं पहिले दोन-तीन दिवस आईचें दूध न देतां मध चाटवीत असत. तेव्हां आजोबांनीं घोडीला कांहीं निराळा न्याय लावला असें नव्हे.

आज याचें कारण कोणताही पशुवैद्य सांगेल. माणसाच्या मुलाला रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें कांहीं अंशीं आईच्या पोटांतच वारेंतून मिळतात. घोडीच्या वारेची घडणच अशी कीं तीं पलीकडे जात नाहींत. शिंगरूं त्या बाबतींत अगदीं रिकाम्या हातांनीं जन्मतें. सारी शिदोरी चिकांत असते. आणि तीसुद्धां पहिल्या दिवसापुरतीच रक्तांत जाऊं शकते. पहिल्या सहा-आठ तासांत आंतडीं ती भराभर शोषून घेतात, पुढें तें द्वार मिटत जातें आणि चोवीस तासांच्या आंत बंद होतें. मग कितीही पाजलें तरी तें नुसतें दूध. नाभींतून किंवा तोंडावाटे शिरलेले जंतु अशा शिंगराच्या रक्तांत पसरतात, सांध्यांत ठाण मांडतात, आणि आमच्या गोठ्यांत जें दिसलें तें दिसतें.

सातव्या दिवशीं पट्टीचा रंग पालटला. त्या रात्रींची आमची नोंद समोर आहे. दहा चाळीसला मैनेनें दाणा सोडला. कोपरांमागें आणि मानेवर घाम फुटला; वळून आपल्याच कुशीकडे पाहूं लागली; बसे, उठे, पुन्हा बसे. शेपटी आधींच पट्टीनें गुंडाळलेली होती. विद्यार्थ्यानें दिवा मंद केला आणि आम्ही सगळे फळीबाहेर आलों. त्याच्या हातांत कात्री होती. ती तो एकसारखी मुठींत फिरवीत होता.

या कात्रीचें कारण सांगितलें पाहिजे. पाणमोट फुटून पाणी वाहून गेल्यावर पांच-दहा मिनिटांत जी पिशवी दिसूं लागते ती पांढुरकी, निळसर, चकचकीत असावयास हवी, आणि तींत एक पाऊल पुढें, दुसरें किंचित् मागें, अशीं दोन पावलें असावींत. त्याऐवजीं लाल, मखमलीसारखी पिशवी पुढें आली तर वार गर्भाशयापासून अगोदरच सुटली आहे आणि आंतल्या जिवाचा प्राणवायु तुटला आहे. तेथें वैद्याची वाट पाहावयाची नसते. पिशवी तत्क्षणीं कापून शिंगरूं ओढून घ्यावयाचें असतें. दोन वर्षांपूर्वीं तेंच झालें होतें. ‘घोडीच्या बाळंतपणांत माणसानें लुडबुड करूं नये’ हें ऐकलेलें सूत्र धरून तो हात जोडून उभा राहिला. शंभरांत बहुतेक वेळां तें सूत्र खरें असतें. त्या रात्रीं नव्हतें.

अकरा बावन्नला पाण्याचा लोट आला. मैना आडवी पडली. पांच मिनिटें कोणीं शब्द काढला नाहीं. मग आक्काच म्हणाल्या, “पांढरी हाय रं.” पिशवी खरोखर पांढरी होती. विद्यार्थी मटकन् खालीं बसला. पण लगेच उठून त्यानें विजेरीच्या उजेडांत पावलें पाहिलीं. तळवे खालच्या बाजूला होते, म्हणजे पुढचे पाय, शिंगरूं सुलट. आणि गुडघ्यांवर टेकलेलें नाक. तळवे वर दिसले तर मागचे पाय आले किंवा शिंगरूं उताणें आहे असें समजून घोडीला उभी करून चालवीत ठेवावी आणि वैद्याला बोलवावें, असें बाईंनीं बजावलें होतें. गाईच्या कळा तासन् तास चालतात. घोडीच्या या शेवटच्या कळा पंधरा ते तीस मिनिटांच्या. अर्धा तास झाला आणि शिंगरूं आलें नाहीं तर समजावें कीं कांहींतरी अडलें आहे. बारा चौदाला शिंगरूं पेंढ्यावर होतें. त्यानें डोकें हलवून नाकावरची पिशवी स्वतःच झटकली. मैना आडवीच होती आणि नाळ अजून जुळलेली होती. ती तोडावयाची घाई आम्हीं केली नाहीं. घोडी उठली तेव्हां नाळ आपोआप ठरल्या जागीं तुटली, आणि विद्यार्थ्यानें नाभीला पातळ जंतुनाशक लावलें.

नवजात शिंगराचे खूर आम्हीं तेव्हां जवळून पाहिले. टोंकांशीं मऊ, पिवळट, रबरी बोटांसारखे झुबके असतात, आईच्या पोटाला इजा होऊं नये म्हणून. चालूं लागल्यावर कांहीं तासांतच ते झिजून जातात. पाय अंगाच्या मानानें इतके लांब कीं त्यांचें काय करावें हें त्याला कळेना. तें उठे, चौरंगाचा एक पाय मोडावा तसें कलंडे, पुन्हा उठे. तासाच्या आंत उभें राहावें, दोन तासांच्या आंत प्यावें, तीन तासांच्या आंत घोडीची वार पडावी, हा पशुवैद्यांचा साधा आडाखा आहे. आमचें शिंगरूं एक पंचवीसला, म्हणजे थोडें उशिरा, पायांवर टिकलें. वार एक पन्नासला पडली. ती लोंबत होती तेव्हां पायांत येऊं नये म्हणून तिची गांठ मारून ठेवली होती, ओढली मात्र नाहीं. ओढलेली वार आंत तुटते, आणि आंत राहिलेल्या तुकड्यानें गर्भाशय सडून, विष अंगभर जाऊन, शेवटीं खुरांपर्यंत दाह पोहोंचतो. पडलेली वार आम्हीं गोणपाटावर पसरून पाहिली. तिचा आकार पायजम्यासारखा, आणि दोन्ही पायांचीं टोंकें शाबूत असलीं पाहिजेत. तीं होतीं.

पण पिण्याचें कांहीं जमेना. शिंगरूं भिंत चोखी, आईचें कोपर चोखी, फळी चोखी. कासेजवळ नाक नेई आणि तेथून भलतीकडे वळे. मैनेलाही कासेला स्पर्श झाला कीं ती अंग चोरी आणि पाय उचली, कारण पाजण्याचा हा तिचा पहिलाच प्रसंग. सव्वादोन वाजले. दोन तास होऊन गेले होते आणि शिंगरूं थकून बसूं लागलें होतें. तें बसलेलें पाहून आमच्या पोटांत काय झालें तें लिहीत नाहीं.

विद्यार्थ्यानें बाईंना दूरध्वनि केला. त्या निघाल्या, पण तोंवर थांबूं नका, हातानें चीक काढून पाव लिटर पाजा, मान वर ताणूं नका, नाहींतर श्वासनलिकेंत जाईल, असें त्यांनीं सांगितलें. मैनेचें तोंड विद्यार्थ्यानें धरलें. आक्का कासेशीं बसल्या. सत्तरीच्या बाईनें घोडीच्या दोन सडांशीं तोंडानें कांहीं पुटपुटत अर्धा तास ज्या धीरानें काम केलें त्याला आमच्याजवळ शब्द नाहींत. खालीं पातेलें आम्हीं धरलें होतें. तोच रंग, तोच दाटपणा. हात कांपत होता, तेव्हां आक्का एकदां म्हणाल्या, “गुर्जी, सांडाल.” सांडलें नाहीं. पावणेतीनला बाटलीनें शिंगराच्या पोटांत पहिला पाव लिटर गेला. तासाभरानें आणखी तितकाच. त्यानंतर त्याला जणूं कांहीं आठवल्यासारखें झालें. आक्कांनीं चिकानें भिजलेलें बोट त्याच्या तोंडांत देऊन तें हळूहळू कासेपर्यंत नेलें आणि चार वाजून पांच मिनिटांनीं तें सडाला लागलें. पितांना आंखूड शेपटी फडफडूं लागली.

बाई त्याच सुमारास पोहोंचल्या. त्यांनीं दोघींना तपासलें (दोघींना म्हणण्याचें कारण, शिंगरूं मादी होतें), वार पुन्हा पसरवून पाहिली आणि मैनेला कोमट पाणी व गवत द्यावयास सांगितलें. व्यालेल्या वडवेला तीन रात्री एक एक प्रस्थ तूप पाजावें, पुढें दहा रात्री सातूचें पीठ आणि स्निग्ध औषधें द्यावीं, हें कौटिल्याचें मत आम्हीं त्यांच्या कानांवर घातलें. “तें तूप आज गुरुजींना द्या, जागरण त्यांचें झालें आहे,” असें म्हणून त्या चहा प्यावयास बसल्या. विद्यार्थ्याची आठ वर्षांची मुलगी एव्हांना उठली होती. तिनें उरलेल्या चिकाचें पातेलें पाहून खरवस होणार का असें विचारलें. तिला सांगितलें कीं हा खरवस एकाच पाहुणीचा.

शिंगराच्या रक्ताची तपासणी वीस-बावीस तासांनीं झाली. चिकांतलीं द्रव्यें रक्तांत पुरेशीं उतरलीं कीं नाहीं हें तींत कळतें. तीं कमी निघालीं असतीं तर दुसऱ्या घोड्याच्या रक्तांतील द्रव शिरेवाटे द्यावा लागला असता, आणि त्याकरितां पुण्यापर्यंत जावें लागलें असतें. तीं पुरेशीं निघालीं. आम्ही तरी पांचव्या दिवसापर्यंत राहिलों. पांचव्या दिवशीं सकाळीं शिंगरूं आईच्या मागून बांधावर धांवत होतें आणि त्याचे चारही गुडघे आम्हीं हात फिरवून पाहिले.

नांव बाराव्या दिवशीं ठेवावयाचें असें आक्कांनीं ठरविलें होतें. आम्हीं निघतांना अर्थातच ‘किशोरी’ सुचविलें आणि अमरकोशाचा आधारही दिला. त्यावर ती मुलगी लाजून म्हणाली कीं किशोरी त्यांच्या शाळेंतल्या बाईंचें नांव आहे, घोडीला ठेवलें तर त्या रागावतील. शेवटीं नांव पडलें ‘माघी’, असें विद्यार्थ्याचें पत्र आलें आहे. पत्रासोबत छायाचित्र आहे, त्यांत माघी आक्कांच्या पदराचें टोंक चावीत उभी आहे.